मतदारसंघाचे आयुष्य आणि स्त्रीची कारकीर्द

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी तीन जागांवर स्त्रिया निवडून आल्या. हिंगोलीतून राष्ट्रवादीच्या सूर्यकांता पाटील, लातूरमधून भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर आणि उस्मानाबादमधून शिवसेनेच्या कल्पना नरहिरे. रूपाताईंनी शिवराज पाटील चाकूरकरांसारख्या, लोकसभेचे अध्यक्षपद भूषवलेल्या नेत्याला हरवले; नरहिरेंनी लक्ष्मण ढोबळे यांना थोडक्या मतांनी मागे टाकले. पाच वर्षांनी, २००९ मध्ये, याच आठ जागांवरून एकही स्त्री लोकसभेत गेली नाही. असे काही घडले की त्याची कारणे आपल्याकडे तयारच असतात: बायकांना राजकारण झेपत नाही, पक्षांना त्या नकोशा असतात, घरचे पुरुष त्यांच्या नावाने कारभार करतात. यातल्या प्रत्येक कारणात थोडेफार तथ्य आहे. पण तीनपैकी दोन जागांच्या बाबतीत याहून साधे आणि सहज तपासता येणारे एक कारण नजरेआड राहते. त्या दोन बायका जिथून निवडून आल्या होत्या, ते मतदारसंघच मधल्या काळात बदलून गेले. २००८ च्या फेररचनेत उस्मानाबादची राखीव जागा खुली झाली आणि लातूरची खुली जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. एकाच आदेशाने शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या दोन स्त्री खासदारांच्या पायाखालची जमीन सरकली. स्त्रीला राजकारणात प्रवेश कसा मिळतो यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. प्रवेश मिळाल्यावर तिला किती काळ एका जागी उभे राहता येते, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारलेला नाही. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्याचा इतिहास तो विचारायला लावतो.

उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात १९५२ पासून २०२४ पर्यंत अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांचे दोन सारखे भाग पडतात. १९५२ ते १९७१ या काळातल्या पाच आणि २००९ पासूनच्या चार, अशा नऊ निवडणुका ही जागा खुली असताना झाल्या. १९७७ ते २००४ या काळातल्या नऊ निवडणुका ती अनुसूचित जातींसाठी राखीव असताना झाल्या. खुल्या काळातल्या नऊही वेळा पुरुष निवडून आले. राखीव काळात आठ वेळा पुरुष आणि एकदा स्त्री. नवातली एक ही काही मिरवण्यासारखी संख्या नाही, आणि एवढ्यावरून सिद्धान्त मांडणे घाईचे ठरेल. पण ही एकटी नोंद सुटी पडलेली नाही, तिच्यामागे एक साखळी आहे. दिल्लीला जाण्याआधी नरहिरे १९९५ आणि १९९९ अशा दोन वेळा कळंब विधानसभा मतदारसंघातून आमदार झाल्या होत्या, आणि कळंबही त्या वेळी अनुसूचित जातींसाठी राखीव होता. म्हणजे सलग तीन निवडणुका, नऊ वर्षांचा आमदारकीचा अनुभव आणि मग खासदारकी, अशी पायरीपायरीने चढत गेलेली ही कारकीर्द होती. जिल्ह्याचे राजकारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. पद्मसिंह पाटलांभोवती फिरत होते. उस्मानाबाद विधानसभेची जागा १९७८ पासून तीस वर्षे त्यांच्याकडे राहिली. अशा जिल्ह्यात एका दलित स्त्रीने विरोधी पक्षात राहून हे केले, ही गोष्ट जिल्ह्याच्या राजकीय इतिहासात आजवर मिळाली त्यापेक्षा जास्त जागा मिळण्याच्या लायकीची आहे.

हे कळंबमध्ये का घडू शकले आणि शेजारच्या खुल्या जागांवर का नाही, याचे उत्तर ग्रामीण महाराष्ट्रात उमेदवारी कशी ठरते त्यात आहे. खुल्या मतदारसंघात तिकिटाचा निर्णय होण्याआधीच तो जवळजवळ झालेला असतो. साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती, शिक्षण संस्था यांच्या संचालक मंडळांवर ज्यांची माणसे बसलेली असतात, त्या दोन-तीन घराण्यांतच लढत होते, आणि घराण्यात आधी मुलगा, मग पुतण्या, मग जावई अशी रांग लागलेली असते. सुनेचा नंबर येतो तो बहुधा रांगेत दुसरे कोणी उरले नाही किंवा पुरुषाला दुसरीकडे उभे राहायचे आहे तेव्हा. राखीव जागेवर ही रांगच मोडते. कारखानदाराला तिथे स्वतः उभे राहता येत नाही, त्याच्या मुलालाही नाही. पक्षाला बाहेरून उमेदवार शोधावा लागतो, आणि शोध सुरू झाला की स्त्रीचे नाव पुढे येण्याची शक्यता निदान निर्माण होते. याला दुसरी, कमी सुखद बाजूही आहे. राखीव जागेवरचा उमेदवार आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही असा हिशेब करणारे बलाढ्य लोक सगळ्याच पक्षांत असतात, आणि स्त्री उमेदवार असेल तर हा हिशेब आणखी सोपा वाटतो. पण हेतू काहीही असला तरी निवडून आलेली व्यक्ती पाच वर्षे विधानसभेत बसते, तालुक्यातले रस्ते, टँकर, पीकविमा, रेशन यांच्या कामांसाठी लोक तिच्या दारात येऊ लागतात आणि पुढच्या निवडणुकीला तिच्याकडे स्वतःची अशी माणसे असतात. उमेदवारी देणाऱ्याचा हिशेब इथे चुकू लागतो. मात्र तो चुकण्यासाठी पुढची निवडणूक त्याच जागेवर व्हावी लागते.

हे नुसते तर्काने सांगत नाही. मांजरा नदीच्या पलीकडे त्याचा पुरावा आहे. कळंबला लागूनच बीड जिल्ह्यातला केज मतदारसंघ आहे. तोही अनुसूचित जातींसाठी राखीव, तोही पर्जन्यछायेतला, शेतीच्या आणि ऊसतोडीच्या चक्रात अडकलेला. तिथून १९९० मध्ये डॉ. विमल मुंदडा भाजपच्या तिकिटावर निवडून आल्या. पुढे त्या राष्ट्रवादीत गेल्या, पण मतदारसंघ तोच राहिला. सलग पाच निवडणुका जिंकून, राज्याच्या आरोग्यमंत्री होऊन, २०१२ मध्ये निधन होईपर्यंत त्या केजच्या आमदार होत्या. १९९५ ते २००४ या काळात मांजरेच्या दोन्ही काठांवर, दोन राखीव मतदारसंघांत, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या दलित स्त्रिया एकाच वेळी आमदार होत्या. महाराष्ट्रात आजही हे दृश्य सहज सापडत नाही. २००८ ची फेररचना झाली तेव्हा केज राखीव राहिला आणि कळंब हा मतदारसंघच नकाशावरून गेला. त्याची गावे शेजारच्या जागांना जोडली गेली. पुढे काय झाले? केजमध्ये २०१२ ची पोटनिवडणूक एका पुरुषाने जिंकली, पण २०१४ मध्ये मुंदडा घराण्याबाहेरच्या संगीता ठोंबरे निवडून आल्या आणि २०१९ व २०२४ मध्ये नमिता मुंदडा. धाराशिव जिल्ह्यात मात्र २००९ पासून विधानसभेच्या चार जागांच्या चार निवडणुका झाल्या आणि सोळाच्या सोळा वेळा पुरुषच निवडून आले. एका काठावर जागा टिकली आणि स्त्री आमदारांची परंपरा तयार झाली. दुसऱ्या काठावर जागा पुसली गेली आणि परंपरा सुरू होता होताच थांबली.

यावर कोणी म्हणेल की आरक्षण गेले म्हणून काय झाले, राखीव जागेवरून आलेल्या व्यक्तीला खुल्या जागेवरून लढायला कायद्याने कुठे मनाई आहे? मनाई नाहीच. पण २००९ चे तिकीटवाटप पाहिले की कायदा आणि व्यवहार यांतले अंतर दिसते. त्या फेररचनेत उमरगा विधानसभेची खुली जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. तिथले शिवसेनेचे आमदार रवींद्र गायकवाड यांची जागा त्यामुळे गेली, तशीच नरहिरेंचीही लोकसभेची राखीव जागा गेली. एकाच पक्षाच्या दोन लोकप्रतिनिधींवर एकाच वेळी सारखाच प्रसंग आला होता. पक्षाने गायकवाडांना नव्याने खुल्या झालेल्या लोकसभेच्या जागेवर उभे केले. ते तेव्हा पद्मसिंह पाटलांकडून हरले, पण २०१४ मध्ये जिंकून खासदार झाले. नव्याने राखीव झालेल्या उमरग्यातून उमेदवारी मिळाली ती ज्ञानराज चौगुले यांना, आणि ते पुढे सलग तीनदा आमदार झाले. लातूरच्या नव्या राखीव जागेवर काँग्रेसने थेट कोल्हापूर जिल्ह्यातले जयवंतराव आवळे आणून उभे केले आणि निवडून आणले. म्हणजे फेररचनेने पुरुषही विस्थापित झाले, हे खरे. पण त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधली गेली, कधी एक पायरी वरची, कधी शेकडो किलोमीटर दूरची. युतीच्या जागावाटपाच्या, स्थानिक गटबाजीच्या अडचणी त्या वेळी होत्या, हेही मान्य करू. तरी निकाल असा की विद्यमान स्त्री खासदाराच्या वाट्याला जिल्ह्यातली कोणतीही जागा आली नाही. जागा बदलण्याचा फटका सगळ्यांना बसतो. त्यातून सावरायला लागणारी ओळख, पैसा आणि पक्षश्रेष्ठींच्या बैठकीतले वजन स्त्रीकडे कमी असते. म्हणूनच स्थिर मतदारसंघाची गरज तिला पुरुषापेक्षा जास्त असते.

हा निष्कर्ष आपल्यापुरता नाही हे पाहायचे तर दूरचे एक उदाहरण उपयोगी पडते. न्यूझीलंडच्या संसदेत मूळ रहिवासी माओरींसाठी १८६७ च्या कायद्याने चार जागा राखून ठेवल्या गेल्या. व्यवस्था पाच वर्षांपुरती होती. मग ती वाढवली गेली आणि १८७६ मध्ये बेमुदत झाली. आपल्या राज्यघटनेतही अनुसूचित जाती-जमातींच्या जागांची मुदत आधी दहा वर्षांची होती आणि ती दर वेळी वाढत आता २०३० पर्यंत आली आहे. तात्पुरत्या म्हणून आलेल्या गोष्टी दोन्हीकडे टिकल्या. फरक असा की न्यूझीलंडमध्ये त्या जागांची संख्या आणि ओळख सव्वाशे वर्षे जवळपास तशीच राहिली. माओरी स्त्रियांना १८९३ मध्ये, तिथल्या गोऱ्या स्त्रियांबरोबरच, मताचा हक्क मिळाला. निजामाच्या राज्यात असलेल्या उस्मानाबादच्या स्त्रियांना, आणि पुरुषांनाही, प्रौढ मताधिकारासाठी १९५२ ची निवडणूक उजाडावी लागली. उमेदवार म्हणून उभे राहण्याचा हक्क तिकडे १९१९ मध्ये आला. तरी पहिली माओरी स्त्री संसदेत पोचली ती १९४९ मध्ये. इरियाका रताना यांचे पती मतिउ हे खासदार असताना अपघातात गेले आणि मजूर पक्षातर्फे त्या वेस्टर्न माओरी जागेवर उभ्या राहिल्या. ते पुइया या त्या भागातल्या प्रभावी स्त्री नेत्यानेच आधी विरोध केला. ज्या होडीतून पूर्वज आले असे तिथले लोक मानतात, त्या तैनुईचे सुकाणू बाईच्या हाती नको, असे त्यांचे म्हणणे होते. इरियाका मोठ्या मताधिक्याने निवडून आल्या आणि १९६९ पर्यंत, वीस वर्षे, त्याच जागेवर राहिल्या.

त्यांच्या मागून आलेल्या फेतू तिरिकातेने-सलिव्हन यांची कारकीर्द तर आणखी लांब. वडील एरुएरा यांच्या निधनानंतर १९६७ च्या पोटनिवडणुकीत सदर्न माओरी जागेवरून त्या आल्या, १९७२ मध्ये मंत्रिमंडळात गेलेली पहिली माओरी स्त्री ठरल्या आणि १९९६ पर्यंत, एकोणतीस वर्षे, खासदार राहिल्या. माओरी कलाकारांनी काढलेली नक्षी असलेले कपडे घालून त्या संसदेत बसत. जिथे माओरी वस्तू पर्यटकांना विकण्यापुरत्या मानल्या जात, तिथे देशाच्या पर्यटनमंत्र्याने ती नक्षी अंगावर मिरवली. असे काम एका मुदतीत होत नाही. पहिल्या पाच वर्षांत नवखी प्रतिनिधी सभागृहाचे नियम शिकते, दुसऱ्या खेपेस समितीत बोलू लागते, तिसऱ्या खेपेस मंत्री तिचे ऐकतात. इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की या दोघीही पती आणि पिता यांच्या वारशाने आल्या. मग यात स्त्रीचे कर्तृत्व ते काय? प्रवेश वारशाने झाला, हे निर्विवाद. पण वारसा पहिल्या निवडणुकीला पुरतो, सातव्या-आठव्या निवडणुकीला नाही. आपल्याकडे रूपाताई निलंगेकर माजी मुख्यमंत्र्यांच्या सूनबाई होत्या, तरी लातूरची जागा बदलताच खासदारकी एका मुदतीवर थांबली. २०२४ मध्ये उस्मानाबादच्या खुल्या जागेवर राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाने पद्मसिंह पाटलांच्या सूनबाई अर्चना पाटील यांना उभे केले. ओमप्रकाश राजेनिंबाळकरांनी त्यांचा तीन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. घराणे दार उघडून देते, मुक्कामाची हमी देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मूलभूत आहे. माओरी जागांवर फक्त माओरी मतदार मत देतात. आपल्या राखीव जागांवर सगळे मतदार मत देतात. ही दोन वेगळी झाडे आहेत, त्यांच्या फळांची तुलना कशी करायची? हा भेद आपल्याकडे १९३२ च्या पुणे करारात ठरला. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी मागे पडली आणि राखीव जागा व संयुक्त मतदान ही रचना आली. त्या तडजोडीनंतर नऊ वर्षांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. गावकीच्या बांधीलकीतून सुटका हा तिथला विषय होता, आणि संयुक्त मतदारसंघातल्या राखीव प्रतिनिधीला गावातल्या सत्तेवर किती अवलंबून राहावे लागते, हा प्रश्न त्याच मुळाचा आहे. म्हणून आक्षेप खरा आहे: माओरी खासदार आपल्या समाजाला थेट जबाबदार असते, आपली राखीव खासदार पक्षाला आणि बहुसंख्य जातींच्या मतांना. पण यातून माझा मुद्दा कमकुवत होत नाही, उलट घट्ट होतो. ज्या प्रतिनिधीला स्वतःच्या समाजाबाहेरच्या मतदारांचा विश्वास मिळवायचा आहे, तिला त्यासाठी वेळ जास्त लागतो. विमल मुंदडांनी पक्ष बदलूनही केज राखला तो या वेळेच्या जोरावर. माओरी जागांवरही जागेची लांबी म्हणजे अमरपट्टा नव्हे. तिरिकातेने-सलिव्हन १९९६ मध्ये हरल्या, आणि पुढे देशाच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या नानाया माहुता सत्तावीस वर्षांनंतर २०२३ मध्ये एका एकवीस वर्षांच्या माओरी तरुणीकडून हरल्या. फरक इतकाच की त्यांना मतदारांनी घरी पाठवले, नकाशा आखणाऱ्यांनी नाही.

आता सगळ्यात जुना आक्षेप: जागा टिकवून काय करणार, सक्षम बायका आहेतच कुठे? याला धाराशिव जिल्ह्याने १९९३ नंतर उत्तर दिले आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद हादरले. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, या इथल्या घरांच्या रचनेनेच हजारो लोक झोपेत गाडले गेले. ज्या गावांत घरे पडली नाहीत पण तडकली, अशा हजाराहून अधिक गावांत दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम सरकारने जागतिक बँकेच्या साह्याने राबवला, आणि त्यात लोकसहभागाचे काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आले. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड बसवायचे, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यायचे, हे त्या शिकल्या आणि गवंड्याला आणि घरमालकाला समजावू लागल्या. अनुदानाचा हप्ता का अडला हे विचारायला त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या. ज्या बाईने इंजिनिअरसमोर सिमेंटच्या पट्ट्याची जाडी मोजून दाखवली, तिला ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक कळणार नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे. या पिढीतून बचतगटांचे जाळे उभे राहिले, पुढच्या दुष्काळांत भाजीपाला आणि कडधान्यांची शेती बायकांनी आपल्या निर्णयाने केली. कर्तबगारीची वाण नव्हती. तिला राजकीय पदापर्यंत नेणारा आणि तिथे टिकवणारा रस्ता अरुंद होता.

तो अरुंद का राहिला हे पाहायला ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या आरक्षणाची सोडत पाहावी. तहसील कार्यालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात सगळे इच्छुक जमतात, पारदर्शक बरणीत चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि शाळकरी मुलाच्या हाताने एकेक काढली जाते. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या, घटनादुरुस्तीने त्या एक तृतीयांश झाल्या आणि २०११ मध्ये राज्याने त्या निम्म्यावर नेल्या. संख्येच्या दृष्टीने ही फार मोठी झेप आहे. पण जागा फिरत्या असल्यामुळे पाच वर्षे सरपंचपद सांभाळलेल्या बाईला, नेमके काम कळू लागले तेव्हा, चिठ्ठी सांगते की यंदा तुमचा नंबर नाही. पुन्हा लढायची शक्यता कमी असेल तर गावात वैर पत्करून कठोर निर्णय का घ्यायचा? आणि सरपंचपतीने तरी बायकोला काम का शिकू द्यायचे, पाच वर्षांत सगळे संपणारच असते. ज्या दोषाबद्दल आपण स्त्री प्रतिनिधींना नावे ठेवतो, तो बऱ्याच अंशी या पाच वर्षांच्या चक्राने घडवलेला आहे. यावर प्रतिवाद म्हणून एक चांगला अभ्यास पुढे ठेवता येतो. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. आधीच्या खेपेस स्त्रियांसाठी राखीव असलेला वॉर्ड पुढच्या वेळी खुला झाला, तेव्हा तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट आढळली. म्हणजे आरक्षण गेल्यावरही त्याचा ठसा उरतो. हे निष्कर्ष मी मोलाचे मानतो. पण मूळ शक्यता इतकी तुटपुंजी होती की पाचपट होऊनही ती पाचात एकीच्या आसपासच राहते. उरलेल्या चौघींच्या अनुभवाचे काय झाले, हा प्रश्न शिल्लक आहे. शिवाय मुंबईत पर्यायी वॉर्ड चालत जाण्याच्या अंतरावर असतो, पक्षयंत्रणा दाट असते. भूम किंवा परंड्याच्या खेड्यात एकच सरपंचपद असते.

फिरत्या आरक्षणाच्या बाजूने न्यायाचा मुद्दा आहे आणि तो टाळता येणार नाही. एक जागा कायमची राखीव ठेवली तर तिथल्या इतरांना कधीच संधी मिळणार नाही. उलट राखीव नसलेल्या जागांवरच्या स्त्रियांनी काय घोडे मारले? माओरी जागांची मर्यादाही हीच होती. चार जागा कायम राहिल्या, पण लोकसंख्या वाढली तरी त्या चारच राहिल्या. संख्या लोकसंख्येशी जोडायला १९९३ चा कायदा यावा लागला. तेव्हा कायमचे आरक्षण हा आदर्श म्हणून मी मांडत नाही. पण दर पाच वर्षांनी फिरणे आणि कधीच न फिरणे यांच्या मध्ये बरीच जागा आहे. तामिळनाडूने पंचायतींचे आरक्षण सलग दोन मुदती, म्हणजे दहा वर्षे, एका जागी ठेवण्याची तरतूद केली. पश्चिम बंगालच्या पंचायतींचा लोरी बीमन, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास सांगतो की जिथे पद दोनदा राखीव राहिले, तिथे स्त्रिया पुढे खुल्या लढतीतही जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त जिंकल्या. एकदा आरक्षण झाले की लोक बाईला सहन करतात. दुसऱ्यांदा झाले की तिच्या कामाची तुलना आधीच्या बाईच्या कामाशी करू लागतात. ही दुसरी पायरी निर्णायक आहे, कारण तिथे स्त्री असणे हा मुद्दा मागे पडतो. केजच्या मतदाराने २०१४ मध्ये नवी आमदार निवडताना हेच केले.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा ठेवल्या आहेत, अनुसूचित जातींच्या राखीव जागांमधल्या एक तृतीयांशासह. १९९६ च्या मूळ विधेयकात या जागा दर निवडणुकीला फिरायच्या होत्या. नव्या दुरुस्तीत त्या प्रत्येक फेररचनेनंतर फिरतील अशी तरतूद आहे. या बदलाची चर्चा फारशी झाली नाही, पण स्त्रियांच्या कारकिर्दीच्या दृष्टीने तो टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे. कल्पना नरहिरेंना तीन निवडणुका लढायला मिळाल्या, कारण १९७६ च्या फेररचनेनंतर मतदारसंघांच्या सीमा तीस वर्षे गोठवलेल्या होत्या. ती स्थिरता स्त्रियांचा विचार करून आलेली नव्हती, लोकसंख्या नियंत्रणाच्या धोरणातून ती अपघाताने आली. तरी तिच्या आधाराने मांजरेच्या दोन काठांवर दोन कारकिर्दी उभ्या राहिल्या, आणि ती संपताच त्यांतल्या एका काठावरची वाट बंद झाली. जे अपघाताने साधले ते आता कायद्याने, समजून उमजून साधता येईल. त्यासाठी फेररचना आयोगाने आणि पक्षांनी मोजायची गोष्ट किती स्त्रिया निवडून आल्या एवढीच असू नये. किती जणी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा त्याच मतदारांपुढे जाऊ शकल्या, हेही मोजले पाहिजे. धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत २००९ पासून त्या दुसऱ्या आकड्याचे उत्तर शून्य आहे, आणि ते शून्य स्त्रियांच्या कुवतीचे मोजमाप नाही. जागा किती काळ टिकाव्यात हे ठरवणाऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांचा तो हिशेब आहे.